मेलेल्या मधमाश्यांचा अहवाल

जालन्यात नव्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं सुयोग प्रयोगशाळा होती. तिथं मी टायपिस्ट म्हणून लागलो, त्या दिवशी सरकी पेंडीचा एक सडका नमुना आला होता. वास असा की मालक, शिपाई, कारकून सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिलेले. आत एकटी एक बाई डागाळलेला पांढरा कोट घालून ती पेंड खलत होती. नाकाला पदर नाही की रुमाल नाही. मी दारातूनच विचारलं, "बाई, तुम्हाला वास येत नाही का?"

"येतो ना. नाक काय घरी ठेवून आले?" मान वर न करताच ती म्हणाली.

ती प्रभावती साळवे. साल एकोणीसशे एकोणनव्वद. पुढची आठ वर्षं आम्ही एकाच ठिकाणी काम केलं. मी तिला प्रभाताई म्हणायचो, ती मला अप्पाराव म्हणायची. वयानं आम्ही जवळपास सारखे, पण मला तिच्यापुढं नेहमी आपण लहान आहोत असं वाटायचं.

प्रभाताई परतूर तालुक्यातल्या आष्टीची. वडील बाजाराच्या दिवशी पोती उचलायचे, बाकीचे दिवस मिळेल त्याच्या रानात कामाला जायचे. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा देवघरातले टाक नदीत सोडून दिले आणि त्या जागी एक फोटो लावून त्याखाली एक पुस्तक ठेवलं. ते पुस्तक वाचू शकणारं त्या घरातलं पहिलं माणूस म्हणजे प्रभाताई. शाळेत गुरुजींनी लिटमसचा निळा कागद लिंबाच्या रसात बुडवून लाल करून दाखवला आणि हिच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. मला म्हणायची, "माणसं काय बी बोलतात, अप्पाराव. लिटमसला बोलता येत न्हाई, म्हणून ते खरं. लिंबू पाटलाच्या घरचं असू द्या न्हाईतर आमच्या, लाल म्हंजे लाल."

वसतिगृहात राहून ती बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन. नवरा धर्मराज साळवे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची बदली कायम कुठंतरी आडबाजूला. म्हणून ही जालन्यात खोली करून राहायची आणि तो शनिवारी यायचा.

प्रयोगशाळेचे मालक अण्णासाहेब. बोलायला फार गोड माणूस. बियाणं, माती, विहिरीचं पाणी, तेल, पेंड, असं काय काय आमच्याकडं तपासायला यायचं. जालना बियाण्याचं गाव, त्यामुळं निम्म्याहून जास्त काम बियाणे कंपन्यांचं. एक कंपनी तर इतकी मोठी, की तिचा माणूस आला की अण्णासाहेब स्वतः उठून पंखा त्याच्याकडं वळवायचे. तिचं नाव इथं घेत नाही. आम्ही तिला नुसतं 'कंपनी' म्हणायचो.

मधाचे नमुने व्यापारी आणायचे. त्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला कागद लागायचा, की या मधात कीटकनाशकाचा अंश नाही. प्रभाताई मध पाण्यात विरघळवायची, त्यातून औषधाचा अंश वेगळा काढून आटवायची आणि त्याचा बारीकसा थेंब पांढरा लेप दिलेल्या काचपट्टीवर ठेवायची. शेजारी खऱ्या कीटकनाशकाचा थेंब. पट्टी एका झाकणाच्या काचपात्रात उभी केली की आतलं द्रावण हळूहळू वर चढायचं आणि थेंबांना आपल्याबरोबर न्यायचं. मग पट्टी वाळवून तिच्यावर दुसरं रसायन फवारलं की डाग उमटायचे. दोन्ही डाग एकाच उंचीवर आले म्हणजे मधात तेच कीटकनाशक आहे. एवढी सोपी गोष्ट. पण मी ती आठ वर्षांत कधी पाहिली नव्हती. माझं टेबल बाहेरच्या खोलीत. प्रभाताई आपलं वाचन रजिस्टरात लिहायची, रजिस्टर अण्णासाहेबांच्या केबिनमध्ये जायचं, तिथून एका चिठ्ठीवर मजकूर यायचा, तो मी टाईप करायचो आणि खाली प्रभाताई सही करायची. चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनच शब्द असायचे: आढळले नाही.

एका नमुन्याला पाव किलो मध यायचा आणि तपासायला त्यातला चमचाभर पुरायचा. उरलेला महिनाभर कपाटात ठेवायचा असा नियम, आणि नंतर तो आम्ही वाटून घ्यायचो. शिपाई न्यायचा, कारकून न्यायचा, मी न्यायचो. फुकटचा मध, तोही तपासलेला. अण्णासाहेब मात्र त्याला कधी हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "मला गोड वर्ज्य आहे." आणि चहात तीन चमचे साखर घालायचे. हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

चौऱ्याण्णव साली आम्हाला मुलगी झाली. अशक्त पोर, सारखा खोकला. माझी बायको शिवकन्या तिला अडुळशाच्या रसात मध घालून चाटवायची. मी डबी भरत असताना एकदा प्रभाताई जवळ आली.

"लेकराला देता का हे?"

"हो. का?"

तिनं केबिनच्या दाराकडं पाहिलं. "नका देऊ. आंबलाय तो."

मी वास घेतला. आंबल्याचा वास नव्हता. म्हटलं, बाईला उगीच शंका येतात. डबी खिशात घातली आणि घरी गेलो.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत भोकरदनकडच्या धावड्याहून एक माणूस आला. नाव कारभारी. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळका रुमाल. हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. एस.टी.च्या दोन गाड्या करून आला होता आणि दोन्ही गाड्यांत कंडक्टरनं त्याला मागच्या दाराशी उभं केलं होतं, असं त्यानंच सांगितलं. का उभं केलं ते विचारावं लागलं नाही. पिशवीतून काळसर पाणी गळत होतं, आणि पिकून फुटलेल्या फळात मेलेला उंदीर सापडावा तसा वास खोलीभर पसरला.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"माश्या. माह्या मधमाश्या."

त्यानं सांगितलं ते असं. खादीच्या योजनेतून त्यानं मधपेट्या ठेवायचं शिक्षण घेतलेलं. वाढवत वाढवत तीस पेट्या झालेल्या. कांद्याचं बी धरायचं तर गोंड्यावर मधमाशी यावी लागते, ती नसली तर गोंडा पोकळ जातो. म्हणून कंपनीनं त्याच्या पेट्या रखमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या कांदाबियाण्याच्या प्लॉटवर नेऊन ठेवायला लावल्या. गोंडे भरात आले तेव्हा फुलकिडे पडले. मग कंपनीचा माणूस जीपमधून बाटल्या घेऊन आला.

"म्हणला, हे निंबोळीचं औषध हाय, ह्यानं माशी बिलकुल मरत न्हाई. बाटलीवर बी तसंच लिव्हलंय. म्या म्हणलं सांजच्याला मारा, माश्या पेटीत गेल्यावर. तं म्हणे टाईम न्हाई, जल्दी मारा. सकाळी दहाला मारलं, बाई. दुपारपस्तोर पेट्यांच्या म्होरं ढीग. गरगर फिरून राह्यल्या व्हत्या, जिभा बाहेर पडलेल्या. ज्या आत होत्या त्या ह्या मेलेल्यांना ओढून बाहेर टाकून राह्यल्या व्हत्या, आन् टाकता टाकता त्याबी मरून राह्यल्या व्हत्या."

प्रभाताई आतून येऊन उभी राहिली होती, ते मला कळलंच नाही. तिनं विचारलं, "बाटली आहे का, दादा?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून तळाशी थोडं औषध राहिलेली बाटली काढली. हिरवं पान छापलेलं लेबल. 'निंबोळी अर्क. मधमाश्यांना निर्धोक.'

अण्णासाहेबांनी नमुना घेतला, पावती दिली, पाठीवर हात ठेवून "काळजी करू नका, आपला माणूस समजा" म्हणाले. कारभाऱ्याची हकीगत त्यांनी ऐकली नव्हती, त्यामुळं त्यात कंपनीचं नाव आहे हे त्या वेळी त्यांना माहीत नव्हतं. कारभारी आठ दिवसांनी येतो म्हणून गेला.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी आतल्या खोलीत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. बहुतेक त्या माणसाच्या चेहऱ्यामुळं. प्रभाताईनं पिशवी तबकात ओतली. लगदा पडला. माश्या वेगवेगळ्या दिसतच नव्हत्या. पंख, पाय, मेण, चिखल सगळं एकत्र, आणि वर पांढरी बुरशी. तिनं चिमट्यानं एकेक माशी बाजूला काढून टीपकागदावर ठेवायला सुरुवात केली. काही चिमट्यातच फुटायच्या आणि आतून पिवळं यायचं. तासभर ते चाललं होतं. मग तिनं वजन केलं, माश्या खलात टाकल्या, वर पांढरी पूड घातली आणि बत्ता फिरवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वाळू चावल्यासारखा, पण ओला.

"तुम्ही जा बाहेर," ती म्हणाली. "तोंड पांढरं झालंय तुमचं."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच हाक मारली. काचपट्टी उजेडाकडं धरली होती. खाली ओळीनं तीन थेंब ठेवलेले: एक माश्यांचा, एक बाटलीतला, एक कपाटातल्या खऱ्या मिथाईल पॅराथिऑन या कीटकनाशकाचा. तिन्ही एकसारखे वर चढून बरोबर एकाच उंचीवर थांबलेले, तीन पिवळे डाग.

"कडूनिंबाला असा डाग येत न्हाई," प्रभाताई म्हणाली. "हे पक्कं जहर आहे. बाटलीत घातलं, वर पान चिकटवलं, आणि माशीला काही होत न्हाई म्हणून लिहिलं. मी तीनदा करून बघितलं."

मला जरा हुरूपच आला. म्हटलं, म्हणजे कारभाऱ्याचं काम झालं. आणि मग सहज, बोलायचं म्हणून बोललो, "बरंय, आपल्याकडच्या मधात असलं काही निघत नाही."

ती उठली, मधाच्या नमुन्यांचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं उघडून ठेवलं. तिचं बारीक, सरळ अक्षर. नमुना क्रमांक, तारीख, आणि पुढं: एंडोसल्फान, आढळले. एंडोसल्फान, आढळले. मिथाईल पॅराथिऑन, आढळले. मधेच एखादा निरंक. पानामागं पान. यातले किती तरी क्रमांक मला तोंडपाठ होते, कारण ते मीच टाईप केले होते. माझ्या कागदावर सगळेच निरंक होते.

कपाशीवर फवारलेलं, तुरीवर फवारलेलं, फुलाफुलातून उचलून आणलेलं, आणि मी ते डबीत भरून घरी नेलेलं. तीन वर्षं. चमच्यानं, अडुळशात कालवून, पोरीच्या टाळूला लावून. जिथं ती खल धुवायची त्याच मोरीत मी ओकलो. मोरीच्या जाळीवर एका माशीचा पंख चिकटलेला होता, तो बघून परत ओकलो.

तोंड पुसून मी तिला म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"आंबलाय म्हणून सांगितल्तं."

"आंबलाय म्हणून! विष आहे म्हणून नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्हालाबी माहीत आहे," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "न्हाई, खोटं बोलले. माहीत नसंल असं वाटत होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मंग सही कशाला करता. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं."

नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिनं पहिली खोटी सही केली होती. अण्णासाहेबांनी समजावलं होतं, की अंश फार थोडा आहे, कुणी मरत नाही, व्यापारी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला तर तुमची जागा राहणार नाही. ती रात्रभर रडली आणि सकाळी सही केली. दुसऱ्यांदा रडली नाही. "नंतर नंतर तर मी सही करताना वाचत बी नव्हते," ती म्हणाली. "रजिस्टरात मात्र खरं लिहायचे. तेवढ्यावर मनाची समजूत घालत होते, की एका जागी तरी खरं आहे. कपाटात, कुलपात." आणि तिनं रजिस्टर असं ढकललं, जसं काही त्यालाही तो वास येत होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी शिवकन्येला काहीच सांगितलं नाही. मधाची बाटली संडासात ओतली आणि फुटली म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी अण्णासाहेबांची चिठ्ठी आली. रजिस्टर त्यांनी वाचलं होतं, आणि मधल्या काळात कंपनीचा माणूस येऊन तासभर केबिनमध्ये बसून गेला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कीटकनाशकाचा अंश आढळला नाही. मृत्यूचे कारण थंडी व उपासमार असण्याची शक्यता. फेब्रुवारी संपत आलेला, दुपारी डोक्यावर रुमाल घेतल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं. भर फुलात ठेवलेल्या माश्या थंडीनं आणि उपाशी मेल्या!

मी चिठ्ठी टाईप न करता प्रभाताईला नेऊन दाखवली. तिनं ती घेतली आणि सरळ केबिनमध्ये गेली. दार उघडंच राहिलं.

"अण्णासाहेब, ह्याच्यावर मी सही करणार न्हाई."

"बसा, साळवेबाई. चहा सांगू?"

"चहा नको. तीनदा तपासलंय. बाटलीत जे आहे तेच माश्यांत आहे."

"मी कुठं नाही म्हणतो? तुमचं काम चोख असतं." ते हसले. "पण तो एक माणूस, आणि ही कंपनी. तिच्या नमुन्यांवर तुमचा माझा संसार चालतो. आत्तापर्यंत कधी बोलला नाहीत, आज काय झालं?"

"आत्तापर्यंत बोलले न्हाई, त्याचीच घाण वाटते मला."

अण्णासाहेबांचा चेहरा बदलला. तोंडातला गोडवा गेला तसा माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. "घाण? तुम्हाला घाण वाटते? तुमची माणसं कशात हात घालत होती ते विसरलात का? वस्तीतून उचलून आणलं, अंगावर पांढरा कोट घातला, आणि आता मला शिकवता?"

मी बाहेर उभा होतो. शिपाई होता, कारकून होता. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

प्रभाताईचा आवाज चढला नाही. "कोट मी शिवलाय, माझ्या पैशानं," ती म्हणाली. "आणि आमच्या माणसांनी घाण उचलली, अण्णासाहेब. लोकांच्या ताटात न्हाई वाढली."

ती बाहेर आली आणि आपल्या टेबलावर जाऊन काचपट्ट्या धुवायला लागली. दुपारी अण्णासाहेब कंपनीच्या कुठल्याशा कार्यक्रमाला गेले. तेव्हा ती माझ्याकडं आली आणि रजिस्टर पुढं ठेवून म्हणाली, "प्रयोगशाळेच्या छापील कागदावर हे टाईप करा. जे आहे ते. मी सही करते. शिक्का तुमच्या खणात आहे."

एका ओळीत तीन चुका झाल्या, कागद बदलावा लागला. पण टाईप केलं. मेलेल्या मधमाश्यांत मिथाईल पॅराथिऑन आढळले. सोबतच्या बाटलीतील द्रवात मिथाईल पॅराथिऑन आढळले. आठ वर्षांत मी टाईप केलेला असा तो एकच अहवाल. शिक्का मारला. तिनं सही केली.

सांगितल्या दिवशी कारभारी सकाळी लवकरच आला, अण्णासाहेब यायच्या आधी. कागद हातात घेऊन त्यानं उलटा सुलटा करून पाहिला.

"बाई, माह्या माश्या कशानं मेल्या ते ह्याच्यात हाय का?"

"आहे, दादा. बाटलीनं मेल्या ते पण आहे."

त्यानं कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला, आणि खिशावर हात ठेवूनच पायऱ्या उतरला.

पंधरवड्यात सगळं बाहेर आलं. कारभाऱ्यानं सरकारी कचेरीत तक्रार केली होती आणि तो कागद जोडला होता. अण्णासाहेबांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं आणि कागदाची नक्कल टेबलावर आपटली.

"हा कुणी टाईप केला?"

प्रभाताई म्हणाली, "मी केला."

तिला टाईप करता येत नव्हतं. साधं स्वतःचं नाव ती यंत्रावर काढू शकली नसती. हे मला माहीत होतं, अण्णासाहेबांना माहीत होतं, शिपायालासुद्धा माहीत होतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं पाहिलं. त्यांना टायपिस्ट हवा होता आणि मला नोकरी. प्रभाताईला त्याच दिवशी काढलं. ती आपला कोट घडी करून पिशवीत घालून गेली. मी तिला दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही, कारण अण्णासाहेब बघत होते.

आणि इतकं करून झालं काय? तीन महिन्यांनी कारभारी तिच्या खोलीवर गेला. हे मला नंतर धर्मराजनं सांगितलं. सोबत आंबे घेऊन गेला होता. कंपनीनं त्याला साठ नव्या पेट्या दिल्या होत्या, पुढच्या तीन हंगामांचं काम दिलं होतं, आणि त्यानं तक्रार मागं घेतली होती.

"बाई, तुम्ही रागावसाल," तो म्हणाला. "पण कागदानं माश्या जित्या होत न्हाईत. माह्या घरी खाणारी आठ तोंडं हायेत."

"आणि पुन्हा तेच औषध मारलं तर?"

"सांगितलंय त्यांना, सांजच्याला मारा म्हणून. बराबर ऐकतेत आता."

प्रभाताईनं त्याला चहा दिला. आंबे परत दिले. तो गेल्यावर तिनं कप दोनदा घासला, असं धर्मराज म्हणाला. आणि मग कप घासला म्हणून स्वतःवरच चिडली. कारण अशा रीतीनं कप वेगळा घासण्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार!

पुढच्या हंगामात ती बाटली बाजारात नव्या नावानं आली. पान काढून टाकलं होतं. त्या जागी फुलावर बसलेल्या मधमाशीचं चित्र होतं, छान रंगीत.

प्रभाताईला वर्षभर काम मिळालं नाही. नंतर धर्मराजची बदली जांब समर्थच्या बाजूला झाली, आणि तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिला प्रयोगशाळा सहायक म्हणून घेतलं. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लं पातळ करून ठेवायची, पोरापोरींना दिवा कसा पेटवायचा ते दाखवायचं. बी.एस्सी. बाईला शिपायाच्या वरचं आणि शिक्षकाच्या खालचं काम. तब्येत बिघडली. बाहेरचं काही खाईना. भाजी चार पाण्यांत धुवायची, लग्नाला गेली तर नुसता भात खाऊन उठायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय. नातेवाइकांना वाटायचं, चार बुकं शिकली म्हणून आपल्या घरचं अन्न चालत नाही. तिनं कुणाला समजावून सांगितलं नाही.

दोन हजार तीन साली मधातल्या कीटकनाशकांबद्दल पेपरांतून बरंच छापून येऊ लागलं. एक वार्ताहर फिरत फिरत प्रभाताईपर्यंत पोहोचला. तिनं त्याला सगळं सांगितलं. स्वतःच्या खोट्या सह्यांपासून सुरुवात करून, तारखांसकट. त्यानं विचारलं, दुसरं कुणी सांगू शकेल का? ती म्हणाली, रजिस्टर तिथंच असेल, आणि टायपिस्ट आहे.

वार्ताहर माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. केबिनचं दार उघडं होतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, "साळवे बाई म्हणतात ते खरं आहे का?"

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. मी फक्त टाईप करतो."

बातमी आली, आतल्या पानावर. प्रयोगशाळेचं नाव नव्हतं, कंपनीचं नव्हतं, नाव एकाच माणसाचं होतं. 'खोट्या अहवालांवर सह्या केल्याची माजी विश्लेषक प्रभावती साळवे यांची कबुली.' दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेबांनी खुलासा सांगितला आणि मी तो टाईप केला. सदर महिलेस अहवालात फेरफार केल्याच्या कारणावरून पूर्वीच सेवेतून कमी करण्यात आले आहे. अहवालात फेरफार! तिनं बदललेला एकच अहवाल होता, आणि तो खरा होता. रजिस्टरं त्याच आठवड्यात मागच्या आवारात जाळली. काडी शिपायानं ओढली. गठ्ठे उचलून मी दिले.

त्यानंतर मला जेवण जाईना. शिवकन्येला अखेर सगळं सांगितलं, पोरीच्या मधासकट. ती पोरीला जवळ घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. आमची पोर धडधाकट आहे, देवाची कृपा. पण त्यानंतर घरात मी ताट वाढायला घेतलं, की शिवकन्या ते माझ्या हातातून काढून घेते.

एका रविवारी मी प्रभाताईकडं गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. मी उभ्या उभ्याच माफी मागायला लागलो.

"बसा आधी," ती म्हणाली. आत जाऊन पाणी आणलं, आणि पेपरचं एक कात्रण. तोच खुलासा. "तुम्हीच टाईप केलाय ना? एक बी चूक न्हाई."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"प्रभाताई, माझा राग करा."

"राग येत न्हाई, अप्पाराव. किळस येते." ती शांतपणे खडे वेचत होती. "तुमची येते, माझी येते. आठ वर्षं सह्या केल्या मी. कुणाकुणाच्या लेकरांनी चाटला असंल तो मध, मला माहीत बी न्हाई. पेपरात माझं नाव आलं ते बराबरच आलं. बाकीच्यांची यायला पायजे होती, एवढंच."

"कॉलेजात काही त्रास?"

"प्राचार्यांनी बोलावल्तं. म्हणाले, हे खरं आहे का? म्हणलं, खरं आहे. ते म्हणाले, ठीक आहे, जा, बारावीचं प्रात्यक्षिक आहे उद्या." ती जरा हसली. "त्यांना नळ्या धुवायला दुसरं कोण मिळतंय?"

मी नोकरी सोडतो म्हणालो. तिनं मान वर केली नाही. सोडून काय करणार, असंही विचारलं नाही. मी सोडली, पण वर्षभरानं, अण्णासाहेबांनी संगणक आणून माझी जागाच काढून टाकली तेव्हा. त्याला सोडणं म्हणत नाहीत.

त्या रविवारी निघताना धर्मराज मला फाट्यापर्यंत पोहोचवायला आला. वाटेत म्हणाला, "ती हल्ली एक पत्र लिहितेय. जुन्या व्यापाऱ्यांना, कंपनीला, सरकारला, सगळ्यांना. आठवतील तेवढे नमुने, तारखा. रजिस्टर जाळलं ना तुम्ही, शिपायाकडून कळलं, म्हणून आठवणीतून."

"किती आठवलेत?"

"परवापर्यंत दोनशे अकरा," तो म्हणाला. तेवढ्यात एस.टी. आली, आणि मी चढलो.